एका बगीच्याची दोन पानं

सोमवारी सकाळी प्रणाली बोबडे ऑफिसचं कुलूप काढत होती, तेवढ्यात फोन वाजला. शेंदूरजनाघाटचे नत्थुजी कुबडे. नत्थुजींना फोनवर हळू बोलणं जमत नाही. शेंदूरजन्याहून अमरावतीपर्यंत आवाज आपल्याच दमावर पोचवायचा असतो, अशी त्यांची समजूत.

"काहून वं पोरी, माहा बगीचा कोणाले विकला तुमी?"

"मी? मी कशाले विकू, काकाजी?"

"मंग तुह्या त्या पानावर विकला म्हणून काहून लिवलं हाय? केरळचा व्यापारी म्हणते, तुमचा माल तं गेला, मी दुसरीकडं पाहतो. अवो, माल माह्या झाडावर लटकून राह्यला! मी आत्ता त्याच्या खालीच उभा हावो!"

"काकाजी, पाहून सांगते, दहा मिनिटं द्या."

"दहा काहून, पंधरा घे. पण सांग!" म्हणत त्यांनी फोन आपटला.

प्रणालीनं पर्स खुर्चीवर फेकली आणि कॉम्प्युटर चालू केला. सहा वर्षं झाली तिला इथं. गाडगेनगरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस, आणि त्यांचं एकच प्रॉडक्ट, 'फलक'. शाळा असो, किराणा दुकान असो, मंगल कार्यालय असो, ज्याला इंटरनेटवर पान हवं त्याला ते करून द्यायचं, बदलायचं, जुनं झालं की काढायचं, हे सगळं फलकवरून चाले. तीनशेच्या वर ग्राहक. त्यात प्रणालीचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे शेंदूरजन्याकडची संत्रा उत्पादकांची कंपनी. प्रत्येक बगीच्याचं एक पान. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, झाडं किती, फोटो, आणि खाली 'माल आहे' किंवा 'विकला'. बाहेरचे व्यापारी ही पानं पाहूनच कुठल्या गावात गाडी वळवायची ते ठरवत. ही पानं तिनं स्वतः बांधावर उभं राहून केली होती. चिखलात चप्पल तुटली तर हातात घेऊन. "कागद जपत बसू नका, पान मी सांभाळते," असं तिनं घरोघरी सांगितलं होतं. आणि लोकांनी ऐकलं होतं, कारण ती रिद्धपूरकडची, संत्र्याच्याच घरची पोर.

नत्थुजींचं पान उघडलं. विकला. बरोबरच होतं ते. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आगेमागे गेला, तेव्हा तिनंच तसं केलं होतं. पण मृगाचं पान कुठं गेलं?

एकाच बगीच्याला दोन बहार येतात. आंबियाचा माल दिवाळीकडं तोडतात, मृगाचा फेब्रुवारी-मार्चात. एक विकला म्हणून दुसरा विकला असं होत नाही. वरुड-मोर्शीकडच्या शेंबड्या पोराला हे सांगायला जा, तो तुमच्या तोंडाकडं पाहून हसेल. म्हणून अशा बगीच्यांची पानं दोन. आंबियाचं पान कॉपी करायचं, फोटो बदलायचा, सेव्ह करायचं; नाव आणि गट नंबर तोच असल्यामुळं फलक आपोआप पुढं '-२' लावतो. ते '-२' म्हणजे मृग. ऑफिसात झाडलोट करणाऱ्या सुंदराबाईंनाही ते माहीत होतं.

आणि आज ते '-२' नव्हतं. शेजारच्याचं नव्हतं. त्याच्या शेजारच्याचंही नव्हतं. शनिवारीच चालू केलेली मृगाची एकशे एकतीस पानं, रविवारी पहाटे, एका फटक्यात कचऱ्याच्या डब्यात. उरलेल्या प्रत्येक पानावर 'विकला'. सगळा मुलूख विकून मोकळा! आणि व्यापारी गुरुवारी येणार होते.

"मेल्यानं सत्यानाश केला," प्रणाली एकटीच खोलीत ओरडली.

मेला म्हणजे एजंट. हा माणूस नव्हे, हा एआय. तीन महिन्यांपूर्वी मालक गजेंद्र काळमेघ यांनी फलक त्याच्या हाती दिला होता. रोज पहाटे तो सगळ्या ग्राहकांची पानं तपासायचा, दुरुस्त करायचा, फालतू पानं काढायचा. त्याला फलक कसा चालवायचा हे कळावं म्हणून एक पुस्तिका लिहायची होती, आणि ती लिहिली प्रणालीनं. एक महिना घासून एक्केचाळीस पानं लिहिली. कुठलं बटण कशासाठी, कधी थांबायचं, कुणाचं पान कुणाला विचारल्याशिवाय बदलायचं नाही, सगळं. गजेंद्रभाऊंनी त्या एक्केचाळीसची सहा केली. "एजंटले लय वाचाले देलं तं त्याचा घोळ होते," म्हणाले. कुण्या परिषदेत ऐकून आले होते.

प्रणालीनं दात-ओठ खाल्ले आणि एकशे एकतीस पानं एकेक करून डब्यातून बाहेर काढली. दुपारचा डबा तसाच राहिला. संध्याकाळी नत्थुजींना फोन करून सांगितलं, "झालं काकाजी, पान आलं तुमचं."

मंगळवारी सकाळी पाहते तर पानं पुन्हा गायब.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. जाणारच. पहाटे एजंट पुन्हा आला होता, त्याच पुस्तिकेप्रमाणं त्यानं पुन्हा तेच केलं होतं. अकोल्याला बसणारा चंदन, ज्यानं एजंट फलकला जोडला होता, त्याला तिनं फोन लावला. तो म्हणाला, "ताई, एका ग्राहकापुरता नाही थांबवता येत त्याला. तो पुस्तिका वाचूनच चालते. पुस्तिका बदला, लगेच सुधरते. पण पुस्तिकेवर मंजुरी सरांचीच लागते."

तिनं सरांच्या खोलीचं दार ढकललं. ठोठावलं नाही.

गजेंद्रभाऊ माणूस वाईट नव्हता. पण कचाट्यात सापडला की आधी आपलं अंग काढून घ्यायचं, ही त्याची जुनी खोड. टेबलावर एक पत्र टाईप करून तयार होतं. त्यानं ते तिच्याकडं सरकवलं. उत्पादकांच्या कंपनीला लिहिलेलं. 'सदर चूक पुस्तिका लिहिणाऱ्या कर्मचारी प्रणाली बोबडे यांच्या अपूर्ण लेखनामुळे झाली असून त्यांना या कामातून कमी करण्यात येत आहे.'

प्रणालीनं ते दोनदा वाचलं. मग जी सुटली, की सुंदराबाई झाडू तिथंच टाकून जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"अपूर्ण? माह्यं लेखन अपूर्ण? एक्केचाळीस पानं लिवली मी, गजेंद्रभाऊ! रात्रीचं जागरण केलं, लेकराचा वाढदिवस सोडला! अन् तुमी त्याची सहा केली, कलिंगडाच्या फोडी कापाव्या तशी! वाचली तरी होती का कापाच्या आधी?"

"आवाज कमी कर."

"नाई करत! बहाराचं मी लिवलं होतं. दोन बहार, दोन पानं, दुसऱ्याले हात लावू नको म्हणून लिवलं होतं, सतराव्या पानावर! ते तुमी उडवलं, अन् आता माहं नाव घालून पत्र पाठवता? शेंदूरजन्यात प्रत्येक घरात मले ओळखतात. त्यायच्यासमोर माह्या तोंडाले काळं फासता?"

गजेंद्रभाऊ खुर्चीत मागं टेकला, पुढं आला, पेन उचललं, ठेवलं.

"सतराव्या पानावर होतं?"

"होतं!"

"मी वाचलं नव्हतं," तो शेवटी बोलला. एवढ्या हळू, की तिला आधी खरं वाटेना. "पहिली सहा अन् मधली काही पाह्यली. बाकी काढून टाकली. मले वाटलं, एवढं हुशार यंत्र हाय, समजून घेईन आपलं आपण."

मग त्यानं पत्र घेतलं, चार तुकडे केले आणि म्हणाला, "चाल. गाडी काढतो. दुपारी त्यायची बैठक हाय. मी स्वतः सांगतो, चूक माही हाय म्हणून."

जिंकली होती बाई. लिफ्ट नव्हती म्हणून जिना उतरली, नाहीतर उडत उतरली असती. गाडीत बसताना तिनं चंदनला निरोप टाकला. 'माझी एक्केचाळीस पानांची मूळ फाईल पाठव. लोकांना दाखवायची आहे.' सतरावं पान सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

मोर्शी मागं पडली तेव्हा फाईल आली. तिनं फोनवर उघडली आणि सतराव्या पानावर गेली. सतराव्या पानावर फोटोचा आकार किती असावा ते लिहिलं होतं. पुढचं मागचं असेल म्हणून सोळा पाहिलं, अठरा पाहिलं. मग शोधायच्या चौकटीत 'बहार' टाकलं. काही सापडलं नाही. 'मृग' टाकलं. नाही. 'आंबिया', 'संत्रा', एकेक करून टाकलं. संत्रा एकदा सापडला, तोही ग्राहकांच्या यादीत.

तिनं सगळी फाईल वाचून काढली, रस्त्याच्या खड्ड्यांत फोन हलत असताना. शाळांच्या निकालाचं होतं. मंगल कार्यालयाच्या तारखांचं होतं. अचलपूरच्या कापड दुकानदाराला रात्री आठनंतर फोन करू नये हेसुद्धा होतं! बहाराचं एक अक्षर नव्हतं. तिनं ते लिहिलंच नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट. लिहायची असते हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि नंतर, राग आला तेव्हा, आपण लिहिलंच असणार असं ती धरून चालली होती. सतरा हा आकडा कुठून आला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पण खरा घाव अजून पुढं होता. एकोणतिसाव्या पानावर, गजेंद्रभाऊनं न कापता जसंच्या तसं ठेवलेलं एक कलम होतं. 'एकाच नावाची व एकाच गट नंबरची दोन पानं दिसली आणि दुसऱ्यापुढे -२ असेल, तर ते पान चुकून दोनदा सेव्ह झालेलं आहे. जे पान जास्त भरलेलं असेल ते ठेवावं, दुसरं काढावं. कुणाला विचारत बसू नये.' तिचीच वाक्यं. दुकानांच्या पानांमध्ये पोरं दोनदोनदा बटण दाबून घाण करायची, त्या वैतागात लिहिलेली. एजंटनं दगाफटका काही केला नव्हता. तिनं सांगितलं तेच केलं होतं, आणि विचारू नको म्हटलं म्हणून विचारलं नव्हतं.

प्रणालीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. शेजारी गजेंद्रभाऊ गाडी चालवत होता, तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होता. 'चूक माझी आहे, मी माफी मागतो', ते पाठ करत असावा बिचारा. तिला त्याचाही राग आला. काहून एवढ्या लवकर कबूल झाला हा? एकदा तरी म्हणाला असता, दाखव तुहं सतरावं पान! आता गप्प बसली तर सगळं निभून जाणार होतं. त्यानं वाचलं नव्हतं, चंदन काही वाचणार नव्हता, फाईल फोनमध्येच राहिली असती. नोकरी राहिली असती, नाव राहिलं असतं. वरुडपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत बसली.

बैठक संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये होती. चाळीस-पन्नास माणसं, उलट्या क्रेटवर बसलेली, आणि सगळी तापलेली. मागच्या बाजूला चार-पाच बायका होत्या, त्यांत जमुनाबाई. नवरा गेल्यापासून आडरस्त्यावरचा बगीचा एकटीनं सांभाळणारी बाई. नत्थुजी पुढंच उभे होते, कमरेवर हात ठेवून.

"या, या! बगीचे विकणारे आले!"

गजेंद्रभाऊनं हात जोडले. "मंडळी, चूक माही हाय. या प्रणालीनं पुस्तिकेत सगळं लिवलं होतं, मी ते..."

"नव्हतं लिवलं," प्रणाली बोलली.

गजेंद्रभाऊनं वळून पाहिलं.

"बहाराचं नव्हतं लिवलं मी. यायले सकाळी खोटं सांगतलं. खोटं म्हणजे, मले खरंच वाटत होतं लिवलं म्हणून. गाडीत पाह्यलं, नाई. उलटं मीच लिवलं हाय, '-२' दिसलं की काढून टाक, विचारत बसू नको. यायनं बाकीचं कापलं, पण नेमकं ते ठेवलं. तुमची पानं माह्या हातानं गेली."

नत्थुजींचा आवाज फुटला.

"अवो पण तू तं संत्र्याच्या घरची! तुले बहार ठाऊक नाई?"

"ठाऊक होता म्हणूनच राह्यला, काकाजी! तुमी कधी कोणाले सांगता का, की झाड जमिनीत असते म्हणून?"

"तोंड वर करून बोलू नको! तुह्या भरोशावर आमी कागद ठेवणं सोडलं. 'पान मी सांभाळते' म्हणे! सांभाळलं लय!"

"सोडलं ना! मंग शिव्या द्या! द्या, मी उभी हावो!"

आणि दिल्या लोकांनी. वऱ्हाडात माणूस चिडला की मागंपुढं पाहत नाही. कुणी तिच्या शिक्षणावरून बोललं, कुणी तिच्या बापाला ओळखतो म्हणून बापाचं नाव काढलं. गजेंद्रभाऊ मधे पडायला गेला तर त्यालाही दोन मिळाल्या. प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं.

लोक दमले तेव्हा तिनं क्रेट ओढला, लॅपटॉप उघडला. "आता लिवते. एकेक वाक्य वाचून दाखवते. चुकलं तं तिथंच टोका."

पहिल्या वाक्यालाच टोकलं. तिनं लिहिलं, 'प्रत्येक बगीच्याला दोन बहार असतात.' नत्थुजी म्हणाले, कुठं असतात? पाणी नसलं तं एकच धरतो. कुणी म्हणालं, अर्ध्या झाडांवर आंबिया, अर्ध्यांवर मृग, मंग 'विकला' कोणत्या अर्ध्याले? कुणाचे दोन भाऊ एकाच गट नंबरात. कुणी आंबिया बहार नातेवाईकाला दिलेला, त्याचं पान नकोच होतं. सहा वर्षं ही पानं तिनं केली होती आणि यातलं निम्मं तिला पहिल्यांदाच कळत होतं. ती लिहीत गेली, खोडत गेली, मधेच चिडून म्हणाली, "अरे एकानं बोला ना!" शेवटचं वाक्य मात्र तिनं कुणाला न विचारता लिहिलं. 'कळलं नाही तर पान काढू नये. शेतकऱ्याला विचारावं.' नऊ पानं झाली. गजेंद्रभाऊनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, बोट ठेवून वाचली, आणि तिथंच बसून मंजुरी दिली.

परत जाताना तो एवढंच बोलला, "तू गप्प बसली असती तं मले कधी कळलं नसतं."

"मले कळलं होतं ना," ती म्हणाली.

त्या रात्री जागून तिनं सगळी पानं पुन्हा डब्यातून बाहेर काढली. बुधवारी पहाटे एजंट आला आणि गेला. एकशे एकतीस पानं जागेवर होती. चौदा पानांबद्दल त्यानं प्रश्न विचारून ठेवले होते, आणि तिनं दिवसभर फोन करून त्यांची उत्तरं मिळवली. गुरुवारी गाड्या आल्या. नत्थुजींचा मृग गेला. त्यांनी ते कळवायला फोन केला नाही, दुसऱ्याकडून कळलं. अजून राग होता त्यांचा, आणि तो रास्त होता.

जमुनाबाईकडं मात्र कुणी गेलं नाही. केरळच्या माणसानं आपला रस्ता सोमवारीच ठरवून टाकला होता, आणि सोमवारी त्या आडरस्त्यावर सगळे बगीचे 'विकला' होते. गाडी वळलीच नाही. हे प्रणालीला शुक्रवारी कळलं, आणि ती मिळेल त्या एस.टी.नं निघाली.

जमुनाबाई झाडाखाली टेकू लावत होती. फळांनी फांदी पार जमिनीला आली होती. प्रणालीला पाहून ती बांबू टेकवून उभी राहिली.

"ये वं. पाणी घेतं?"

"काकू, तुमच्याकडं गाडी आली नाई. माह्यामुळं."

"हो, म्हणत होते लोक."

"तुमी बैठकीत होत्या. एक शब्द बोलल्या नाई. आताही नाई बोलून राहिल्या. काकू, चिडा ना माह्यावर! नत्थुजी केवढे चिडले!"

जमुनाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"नत्थुजीचा माल गेला, बाई. त्यायले चिडाले फुरसत हाय." तिनं बांबूचं दुसरं टोक प्रणालीच्या हातात दिलं. "हे धर घट्ट. फांदी मोडून राह्यली."